दोन वाजताचा डाग

“दोन वाजता,” मी म्हणाले.

वैजयंता पोतदारने मान हलवली, माझ्या हातातलं टोक परत घेतलं आणि पुसायचा नवा कागद काढला.

सकाळचे सात वाजत आले होते. दोन वाजता ही वेळ नव्हती, जागा होती. फायबरचं, म्हणजे फोनचं बोलणं नेणाऱ्या काचेच्या तंतूचं टोक सूक्ष्मदर्शकातून बघितलं की पौर्णिमेच्या चंद्रासारखी एक राखाडी चकती दिसते. तिला घड्याळाची तबकडी मानायचं आणि डाग जिथं असेल तिथला आकडा सांगायचा. मधोमध एक ठिपका असतो, केसाच्या आठव्या हिश्श्याएवढा. गडहिंग्लजहून कोल्हापूरला जाणारं सगळं बोलणं त्या ठिपक्यातून जायचं. त्यावर धुळीचा एक कण बसला तर निम्मं गाव आवाज कापला जातोय म्हणून तक्रार करायचं.

ही घड्याळाची पद्धत अण्णांची. शिवलिंग हत्तरगी हे त्यांचं पूर्ण नाव, पण टेलिफोन ऑफिसातच काय, खालच्या गेटवरही त्यांना अण्णाच म्हणत. वरच्या मजल्यावरच्या यंत्रांच्या खोलीचे ते वीस वर्षं प्रमुख होते. तो सूक्ष्मदर्शक त्यांना जबलपूरच्या प्रशिक्षणाहून येताना मिळाला होता. ते त्याला दुर्बीण म्हणत. मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन आलेली, पहिल्या आठवड्यात एकदा त्या शब्दाची दुरुस्ती करून बघितली. ते म्हणाले, “लांबचं जवळ दिसतंय का न्हाई? मग दुर्बीणच.” तेव्हापासून मीही दुर्बीण म्हणायला लागले.

त्यांचा दुसरा नियम असा की जो पुसेल त्याने बघायचं नाही. आपण पुसलेलं आपल्याला स्वच्छच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एकाने पुसायचं, दुसऱ्याने दुर्बिणीत बघून बोलायचं. बघणारा जे बोलेल ते वहीत लिहायचं. डावीकडे पुसणाऱ्याची सही, उजवीकडे बघणाऱ्याची आणि मधल्या रकान्यात घड्याळाचा आकडा. काहीच नसेल तर ‘निरंक’. पुसणाऱ्याने बघणाऱ्याला उलट विचारायचं नाही. सात वर्षांत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आमच्या भागात या नियमांना कारणही होतं. जानेवारी ते मार्च उसाच्या फडांतला पाला पेटतो आणि गावभर काळी काजळी तरंगत येते. खिडक्या बंद असल्या तरी ती आत येते, वाळत घातलेल्या साड्यांवर बसते, ताटात पडते. त्या दिवसांत आम्ही महिन्याला शंभरावर टोकं पुसत होतो.

सात वर्षं अण्णा पुसायचे आणि मी बघायची, किंवा मी पुसायची आणि ते बघायचे. ते ३१ मेला निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर ती खोली माझी, हे कुणी कधी बोललं नव्हतं, पण मी धरून चालले होते. माझ्या आईने तर देवासमोर नारळही बोलून ठेवला होता. मग त्याच्या आदल्या जुलैमध्ये वैजयंता आली.

ती नेसरीच्या पोतदार सोनारांची मुलगी, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पदविका झालेली. बोलायला मोकळी, हसताना तोंडावर पदर धरण्याची सवय असलेली. लहानपणापासून वडिलांच्या शेजारी बसून नथीचे मोती पुसलेले तिने. आल्यानंतर चौथ्या दिवशी अण्णांनी तिच्या हातात पहिलं टोक दिलं. तिने कागदावर दोन थेंब स्पिरिट टाकलं, टोक एकदाच ओढलं, बोटभर अंतर, सरळ. अण्णांनी दुर्बिणीत बघितलं. पुन्हा बघितलं.

“निरंक,” ते म्हणाले. “एका पुसण्यात.”

आम्हा सगळ्यांना बहुतेकदा तीन पुसणी लागायची, कधी चार. अण्णांना दोन.

ते शब्द ऑफिसभर पसरले. चहा आणणारी गिरिजाक्का जिना चढून आली की विचारायची, “एका पुसण्यातल्या बाई कुठं हायत?” आणि माझ्यापुढे कप ठेवताना म्हणायची, “तुमचा तीनदा गाळून आणलाय बघा, हेरवाडेबाई.” सगळे हसायचे. वैजयंता हसायची नाही. ती म्हणायची, “ताईंची नजर कुणाला हाय? मी पुसते, खरं कळतंय ताईंनाच.” तिने ते मनापासून म्हटलेलं असायचं, आणि म्हणून मला ते जास्त लागायचं.

मी वही घरी नेली होती, एका शनिवारी. जुलै ते जानेवारी तिने पुसलेली टोकं दोनशे बारा. त्यातली एका पुसण्यातली एकशे अठ्ठ्याण्णव. त्याच काळात मी पुसलेली दोनशे चार, एका पुसण्यातली एकसष्ट. मी आलेखाच्या कागदावर दोन्ही रेघा काढल्या. माझी रेघ सात महिन्यांत जरा वर चढली होती. तिची पहिल्या दिवसापासून वरच होती. तो कागद मी कपाटातल्या साड्यांखाली ठेवला आणि आईने काय आहे म्हणून विचारलं तेव्हा ऑफिसचं आहे म्हणून सांगितलं.

फेब्रुवारीत आणखी एक झालं. दुर्बिणीची भिंगं अण्णा दर शनिवारी स्वतः पुसत. मऊ कातड्याचा एक तुकडा त्यांनी त्यासाठी डबीत ठेवला होता. सात वर्षांत मला त्यांनी ती डबी उघडू दिली नव्हती, मीही कधी मागितली नव्हती. त्या शनिवारी मी जेवणाचा डबा विसरले म्हणून परत वर गेले. अण्णा खुर्चीत मागे टेकून बसले होते आणि वैजयंता भिंग पुसत होती. ते तिला जबलपूरची गोष्ट सांगत होते, मेसमधल्या भाताची. ती गोष्ट मला माहीत होती. मी डबा घेतला आणि खाली आले.

मार्चमधल्या त्या रविवारी नवं यंत्र जोडायचं होतं. सहा ते आठ, दोन तास कोल्हापूरची लाइन बंद ठेवायची परवानगी मिळाली होती. बघायला कोल्हापूरहून बारदेस्कर साहेब आले होते. अण्णांनंतर खोली कुणाकडे द्यायची ते त्यांनीच ठरवायचं होतं, आणि जिला मिळणार नाही तिची बदली चंदगडला होणार, हेही सगळ्यांना माहीत होतं. साहेब हाताची घडी घालून दाराशी उभे होते. आईने मला दही-साखर देऊन पाठवलं होतं.

बारा टोकं होती. अण्णांनी वाटणी केली. वैजयंता पुसेल, सुनेत्रा बघेल, म्हणजे मी. मी आधी मीटर लावून फायबरमधला, डोळ्याला घातक लेझर बंद असल्याची खात्री करायची, मग दुर्बिणीत बघायचं. पहिलं टोक आलं, मी बघितलं आणि निरंक म्हणाले. दुसरं, निरंक. साहेबांनी अण्णांना विचारलं, ही मुलगी एकदाच पुसते का? अण्णा म्हणाले, “तिची तीच रीत हाय, साहेब.” त्यांच्या आवाजात जे होतं ते मी सात वर्षांत माझ्यासाठी ऐकलं नव्हतं. सहावं, सातवं. अकराव्यापर्यंत सगळी निरंक. साहेब दारातून आत आले होते आणि वैजयंताच्या हाताकडे बघत होते.

बारावं टोक तिने पुसून दिलं. मी बघितलं आणि म्हणाले, दोन वाजता.

तिने पुन्हा पुसलं. मी मीटर लावलं, बघितलं.

“दोन वाजता. आहे अजून.”

तिच्या कपाळावर घाम आला होता. तिने ओल्यानंतर कोरडा कागद घेतला, दोनदा ओढला. मी डोळा लावला. खोलीत पंख्यांची घरघर तेवढी होती. मी हळूहळू भिंग फिरवून नीट स्पष्ट केलं, जसं नेहमी करते.

“दोन वाजता,” मी म्हणाले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. वैजयंता माझ्या जवळ आली आणि हलक्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, “ताई, माझं काय चुकतंय ते सांगा की. दाबून पुसू का?”

मी तिच्याकडे बघितलं. तिने दुर्बिणीकडे नजरही टाकली नव्हती. नियम होता, आणि बघणारी मी होते.

“बघ दाबून,” मी म्हणाले.

तिने टोक कागदावर दाबलं आणि ओढलं, एकदा, दोनदा, तीनदा. कागदाची घडी आधी वापरलेली होती, हे मला दिसलं. एरवी तिच्या हातून असं झालं नसतं. त्या घडीत कुठला तरी कण असणार, काजळीबरोबर येतात तशातला, खडीसारखा. चौथ्या वेळी मी डोळा लावला तेव्हा चकतीवर तीन समांतर चरे होते आणि त्यातला एक मधल्या ठिपक्यावरून सरळ आरपार गेला होता.

मी डोळा बाजूला केला. अण्णांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, दुर्बीण माझ्या हातातून घेतली आणि स्वतः डोळा लावला. ते खूप वेळ बघत होते.

“टोक गेलं,” ते म्हणाले.

फायबरची सुटी दोरी असती तर फेकून दुसरी लावली असती. पण बारावं टोक जमिनीखालून येणाऱ्या केबलला कायमचं सांधलेलं होतं. ते तोडून नवं सांधायचं तर सांधायचं यंत्र लागणार, आणि ते लाइनच्या माणसांबरोबर आजऱ्याला गेलं होतं. जीप पाठवली. आठ वाजता सुरू व्हायची लाइन पावणेअकराला सुरू झाली. तोपर्यंत सरकारी दवाखान्याचे फोन बंद, पोलीस ठाण्याचे बंद, मोबाइलचे चार मनोरे बंद. गेटवर माणसं जमली होती आणि गिरिजाक्का त्यांना वर येऊ देत नव्हती. साहेब अण्णांच्या टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते. वैजयंता भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून, जसं थंडीत उभं राहतात.

साहेबांनी तिला लेखी खुलासा द्यायला सांगितलं. तिने मान हलवली. माझ्याकडून त्यांनी काही मागितलं नाही. उलट जाताना म्हणाले की बघणाऱ्याने वेळीच सांगितलं म्हणून बरं, तसंच जोडलं असतं तर पलीकडचं यंत्रही गेलं असतं.

दुपारी खोलीत अण्णा आणि मी दोघेच होतो. मी वही लिहिली. बाराव्या टोकापुढे दोन, दोन, दोन, आणि मग चरे. वही त्यांच्यापुढे ठेवली, कारण पानाखाली प्रमुखाची सही लागायची. त्यांनी चष्मा लावला.

“पुसल्यावर घाण जागा तरी बदलती, न्हाईतर लहान तरी हुती,” ते म्हणाले. “हा डाग तीनदा पुसून जागचा हलला न्हाई.”

“नाही हलला.”

“मी बघितलं तवा दोनवर काय नव्हतं.”

“शेवटच्या पुसण्यात गेला असेल,” मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला.

“गेला असंल,” ते म्हणाले.

वही त्यांनी मिटली. सही केली नाही. मला वाटलं, उद्या करतील.

एप्रिल-मे आम्ही तिघे त्याच खोलीत काम करत होतो. अण्णा माझ्याशी आधी बोलायचे तसेच बोलायचे, कामापुरतं. वैजयंताला आता तीन पुसणी लागायला लागली होती, कधी पाच. पुसण्याआधी ती हात धुऊन यायची, पुसल्यावर माझ्याकडे बघत राहायची. मी निरंक म्हणाले की विचारायची, नक्की ना ताई? तिने नियम मोडलेला मी अण्णांना कधी सांगितला नाही. गिरिजाक्काने एका पुसण्याची चेष्टा कधी बंद केली ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी वहीतून आकडे काढायचं थांबवलं होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आदेश आला. खोली माझ्याकडे, वैजयंता चंदगडला. मी अण्णांच्या पाया पडायला गेले आणि म्हणाले की तुम्ही माझं नाव सुचवलंत, मी विसरणार नाही.

“मी न्हाई सुचवलं,” अण्णा म्हणाले. “मी फेब्रुवारीतच पोतदारचं नाव लिवून दिलं हुतं. साहेबांना तिचा हात बघायचा हुता, म्हणून ते त्या रविवारी आलते.”

मी तशीच वाकलेली राहिले असेन, कारण ते म्हणाले, “ऊठ, बाळ.” मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढून मला दिला. वैजयंताच्या खुलाशाची प्रत होती. गोलसर, शाळेतलं अक्षर. माझा हात जड पडला, असं तिने लिहिलं होतं. चूक सर्वस्वी माझी आहे. श्रीमती हेरवाडे यांची नजर अचूक असल्याने खराब टोक जोडले गेले नाही. या खोलीचे काम त्यांच्याच हाती राहावे, अशी माझी विनंती आहे.

“हे वाचून साहेबांनी नाव बदललं,” अण्णा म्हणाले. त्यांनी दुर्बीण, कातड्याची डबी आणि वही माझ्यापुढे सरकवली. वहीचं ते पान मी तिथंच उघडून बघितलं. सहीची जागा कोरी होती.

“अण्णा, ही सही राहिली.”

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “ती माझ्यानं हुईना. तू खरं काय ते सांगशील म्हणून दोन महिने वाट बघितली.”

वैजयंता शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला आली तेव्हा तिच्याबरोबर तिचे वडील होते, पांढरी टोपी घातलेले, बारीक अंगाचे. त्यांनी मला नमस्कार केला. पोरगी तुमचं लई नाव काढती, असं म्हणाले. वैजयंताने मला डब्यातून धपाटे आणले होते. ती म्हणाली की चंदगडला ती काउंटरचं काम मागून घेणार आहे, बिलं आणि अर्ज वगैरे. फायबरला हात लावणार नाही.

मी विचारलं, का?

“माझा हात जडच हाय, ताई,” ती म्हणाली. “मला आपलं वाटत हुतं चांगला हाय म्हणून. बाबासुद्धा बोलले नव्हते कधी. तुम्ही बघितलंसा म्हणून कळलं.” तिने पदर तोंडावर धरला, पण हसली नाही.

तिचे वडील खालमानेने तिच्या बोटांकडे बघत होते. त्या हाताला सोन्याचा कस कळत होता, मोत्याचं पाणी कळत होतं, हे त्यांना माहीत होतं. ते सोनार होते. पण मुलीच्या ऑफिसातल्या बाईंपुढे ते काय बोलणार?

माझ्याकडे तेव्हा सांगायला एकच वाक्य होतं. दोन वाजता काही नव्हतं. पहिल्यांदाही नव्हतं, दुसऱ्यांदाही नव्हतं, तिसऱ्यांदाही नव्हतं. तिने एका पुसण्यात काढलेली ती चकती माझ्या सात वर्षांत मी बघितलेली सगळ्यात स्वच्छ चकती होती. एवढं बोलायला दहा सेकंद लागले असते. जिन्यात त्यांची पावलं वाजत होती तोवरही वेळ होता, आणि मी दुर्बीण हातात धरून खिडकीशी उभी होते. गेटपाशी गिरिजाक्काने तिच्या हातावर काहीतरी ठेवलं. मग ती दोघं एस.टी. स्टँडच्या दिशेने गेली.

खोली गेली चौदा वर्षं माझ्याकडे आहे. आता टोक पडद्यावर दिसतं, यंत्रच स्वच्छ की अस्वच्छ ते सांगतं, पुसणारा आणि बघणारा एकच असतो. नवी मुलं झटपट काम करतात. मीही तपासायला जाते तेव्हा पडद्यासमोर उभी राहते. मधल्या ठिपक्याकडे आधी बघावं, असं मीच त्यांना शिकवलं आहे. माझी नजर मात्र आधी दोनवर जाते, आणि तिथं काही नाही हे बघून झाल्याशिवाय मला पुढचं काही दिसत नाही.